गोळ्या चालू आहेत आणि संध्याकाळी ‘बसायचंय’? आधी पाकीट बघा

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मेडिकलच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं उभी आहे. फार्मासिस्ट आहे. दिवसभर शंभर प्रश्न येतात, पण एक प्रश्न नेहमी हळू आवाजात येतो. माणूस गोळ्या घेतो, पैसे देतो, सुट्टे खिशात टाकतो आणि तरी जागचा हलत नाही. बाजूचं गिऱ्हाईक गेलं की जरा पुढे वाकतो. “ताई, ह्या औषधार घेतला तर चालात मा?”

काय घेतलं तर, हे मला विचारावं लागत नाही.

पहिली काही वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: अजिबात नाही. मला वाटायचं, यात चुकण्यासारखं काही नाही. मग एका श्रावणात एक खलाशी आला. मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावरच्या पहिल्याच फेरीत जाळं झाडताना शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसला होता. हात मनगटापर्यंत सुजलेला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, दिवसाला दोन, सात दिवस. मी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दारूबरोबर घेऊ नका. तिसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. पुढच्या आठवड्यात तो आला तो बँडेज मागायला. हाताला चिरा द्यावा लागला होता. गोळ्या संपवल्या का विचारलं तर सरळ म्हणाला, “तुमीच सांगलास मा, एकत्र नको म्हणान. म्हणान गोळ्ये थांबवलय.” त्याचं मधलं बोट आजही पुरतं मिटत नाही. जाळ्याची दोरी तो उरलेल्या तीन बोटांत धरतो.

त्या गोळ्यांबरोबर पौर्णिमेला तो दोन घोट प्यायला असता तर बहुधा काही झालं नसतं. गोळ्या सोडल्या म्हणून हात गेला असता. तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी पाकीट हातात घेते आणि औषधाचं नाव बघून बोलते. तुम्हीही तेच करायचं. ते कसं करायचं ते सांगते.

आधी पाकिटावरचं बारीक नाव वाचा

पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते कंपनीचं नाव. त्यानं काही कळत नाही. त्याच्या खाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर घरातल्या शाळकरी पोराला द्या, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. गोळी एकेक कापून दिली असेल आणि नाव अर्धं तुटलं असेल तर दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घ्या. ते तुमच्या हक्काचं आहे. आणि एक सांगते, पट्टी कापून घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा. लोक तोच आधी फेकतात.

आता शोधायचं काय? शेवटी ‘निडॅझोल’ येणारं नाव. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोल, सेक्निडॅझोल. ही सगळी एका घरातली भावंडं. जुलाब, आव, हिरड्यांचा पू, दाढेचं दुखणं, बायकांच्या अंगावरून जाण्याचे काही आजार, पोटाच्या ऑपरेशननंतरचे दिवस, अशा अनेक ठिकाणी ही देतात. आपल्याकडे जुलाबावर दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या फार चालतात. त्यांच्या कंपनीच्या नावाला बहुतेक वेळा टीझेड किंवा ओझेड अशी शेपटी असते. टीझेड म्हणजे आत टिनिडॅझोल, ओझेड म्हणजे ऑर्निडॅझोल. शेपटी दिसली की समजायचं, इथे दारू नाही. थोडीही नाही. बिअरही नाही आणि माडीही नाही.

कारण सांगितल्याशिवाय आपला माणूस ऐकत नाही, म्हणून कारणही सांगते. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग लगेच त्याचं निरुपद्रवी अॅसिटिक अॅसिड करतं. ही दुसरी पायरी अडली तर विष रक्तात साठतं. तोंड लाल होतं, कानशिलं ठणकतात, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, उलट्या थांबत नाहीत. १९४८ साली डेन्मार्कमध्ये डायसल्फिराम नावाच्या औषधाचा हा गुण लक्षात आला आणि दारू सोडवण्यासाठी ते वापरात आलं. आजही आपल्याकडे दारू सुटावी म्हणून देतात ती ‘गोळी’ बहुतेक वेळा हीच असते. मेट्रोनिडॅझोलच्या घराण्यावर दारू घेतल्यावर काही जणांना असाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

इथे मी खरं ते पूर्ण सांगते. हा त्रास सगळ्यांना होत नाही. २००२ साली फिनलंडमध्ये बारा निरोगी पुरुषांवर याची नीट चाचणी झाली आणि त्यात मेट्रोनिडॅझोलवर दारू दिल्यावर असं काही दिसलं नाही. म्हणून तुम्हाला एखादा मित्र छातीठोकपणे सांगेल, “मी घेतली होती, काय्येक होवचा नाय.” त्याला झालं नसेल. पण बारा निरोगी माणसं म्हणजे जुलाबानं गळून गेलेला, उपाशीपोटी, बीपीची गोळी खाणारा तुमचा काका नव्हे. कोणाला होईल आणि कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही. आणि ज्याला होतं त्याची रात्र मी पाहिली आहे.

मे महिन्यातली हळद होती. दुकानात चाकरमान्यांची झुंबड. दुपारी एका तरुणानं आवेसाठी मेट्रोनिडॅझोल नेलं, चिठ्ठीवर रीतसर होतं. गर्दीत मी दारूचं सांगायचं राहून गेले. रात्री साडेदहाला त्याचा भाऊ शटर वाजवत आला. मी त्याच्याबरोबर मांडवाच्या मागे गेले. पोरगा केळीच्या बुंध्याला टेकून बसला होता. चेहरा आणि गळा भाजल्यासारखा लाल, डोळे तांबारलेले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. “छाती फुटतली गो,” एवढंच म्हणत होता. नाडी धरली तर मोजता येईना इतकी पळत होती. जेमतेम दीड पेग प्यायला होता. त्याला रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाइन लावलं, पहाटे तो ठीक झाला. हळद उतरली नव्हती तोवर घरच्यांना मात्र वाटत राहिलं होतं की मुलाला कोणाची तरी नजर लागली. दोष माझा होता, त्याचा नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून निडॅझोलच्या प्रत्येक खाकी पाकिटावर मी निळ्या पेनानं बाटली काढते आणि तिच्यावर फुली मारते. वाचता न येणाऱ्यालाही ती कळते.

किती दिवस थांबायचं

शेवटची गोळी गिळली म्हणजे औषध संपलं असं होत नाही. मेट्रोनिडॅझोल रक्तातून अर्धं व्हायला साधारण आठ तास घेतं, टिनिडॅझोल बारा ते चौदा. मग उरलेल्याचं अर्धं व्हायला पुन्हा तेवढेच. असं चार-पाच वेळा झालं की मग ते गेलं म्हणायचं. म्हणून मेट्रोनिडॅझोलनंतर निदान दोन दिवस आणि टिनिडॅझोलनंतर तीन दिवस थांबायला सांगतात. कुठली गोळी होती याचा घोळ नको म्हणून मी सगळ्यांना सरसकट तीन दिवस सांगते.

दिवस मोजताना लोक चुकतात. शेवटची गोळी शुक्रवारी रात्री जेवणानंतर घेतली तर शनिवार, रविवार, सोमवार हे तिन्ही दिवस पुरते जाऊ द्यायचे. मंगळवारी मोकळे. शुक्रवार धरून रविवारी ‘झाले तीन दिवस’ म्हणायचं नाही. मी कॅलेंडरवर गोल करायला सांगते. गणपतीच्या दिवसांत तर हे गणित आधीच मांडा, कारण गौरी जेवल्यानंतरच्या बैठका कोणी चुकवत नाही. दातांचं काम काढायचं असेल तर ते गणपतीच्या आदल्या आठवड्यात ढकलू नका. दंतवैद्य हिरड्यांसाठी मेट्रोनिडॅझोल देण्याची शक्यता मोठी असते.

उलट्या बाजूचा प्रश्नही येतो. काल रात्री झाली आहे, आज सकाळी डॉक्टरांनी निडॅझोल लिहून दिलं, आता? डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा की काल रात्री इतकी घेतली होती. ते पहिली गोळी काही तास पुढे ढकलतील, किंवा दुसरं औषध देतील. आजार गंभीर असेल तर वाट न बघता देतीलही, आणि लक्ष ठेवतील. तो निर्णय त्यांचा. तो त्यांना घेता यावा म्हणून तोंड उघडायचं काम तुमचं.

आणि घरात कोणी दारू सोडण्याची गोळी घेत असेल तर हे अधोरेखित करून ठेवा. डायसल्फिराम आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र गेले तर माणूस भ्रमिष्टासारखं बोलू-वागू शकतो. डायसल्फिराम बंद करूनही दोन आठवडे होईपर्यंत मेट्रोनिडॅझोल टाळतात. अनेक घरांत ही गोळी नवऱ्याच्या नकळत आमटीतून दिली जाते. मी त्या बायकांची घालमेल समजू शकते. मी रोज त्यांना बघते. पण असं लपवून देणं जिवावर बेततं. त्यानं बाहेर चार पेग घेतले आणि डॉक्टरांना पोटात काय आहे ते माहीतच नसलं तर? दारू सोडवायची गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

बाकीच्या औषधांचं

अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफॅलेक्सिन. घसा, सर्दीनंतरचा कफ, कातडीवरची गळवं यांसाठी जी औषधं दुकानातून सर्वांत जास्त जातात ती ही. यांचं आणि दारूचं सरळ भांडण नाही. मधेच एखाद्या दिवशी थोडी घेतली तर औषध ‘मरत’ नाही आणि विषही होत नाही. तरी मी लोकांना कोर्स संपेपर्यंत थांबा म्हणते, आणि त्याचं कारण प्रामाणिकपणे सांगते. ताप असताना अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, दारू ते आणखी काढते. या गोळ्यांनी पोट ढवळतं, दारूनं जास्त ढवळतं. झोप मोडते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बसलेल्या माणसाला रात्रीची गोळी आठवत नाही. तरीही एखाद्यानं घेतलीच, तर पुढचा डोस चुकवायचा नाही. हे वाक्य मी काउंटरवर दोनदा म्हणते. यांच्या बाबतीत प्यायलात म्हणून गोळी सोडायची नाही.

‘थोडी’ म्हणजे किती यावर नेहमी वाद होतो. साठ मिलिलिटरचा व्हिस्कीचा एक पेग म्हणजे साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी, साडेसहाशे मिलिलिटरची बाटली म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन पेग. “ताई, नुसती बिअर घेतलंय” म्हणणारा माणूस बऱ्याचदा व्हिस्कीवाल्याच्या दुप्पट प्यायलेला असतो. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅमच काढू शकतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, समुद्रात डुबकी, कशानंही तो वेग वाढत नाही. माडीचं तर मापच धरता येत नाही. सकाळी उतरवलेली गोड असते आणि दुपार कलेपर्यंत तीच चढते, कारण मडक्यात आंबणं चालूच असतं. हातभट्टीबद्दल बोलतच नाही. ती औषध चालू असो वा नसो, घेऊ नका.

भात लावणीच्या दिवसांत आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, आणि त्याबरोबर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. चिखलात उभं राहून काम करणाऱ्यांना आरोग्य खात्याकडून ही गोळी आठवड्याला एकदाही देतात आणि आजार झाला तर रोज दोन वेळाही. इथे दारूचा प्रश्न वेगळा आहे. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये हे औषध लवकर झिजून जातं आणि रक्तात पुरेसं टिकत नाही. म्हणजे गोळी खाल्लेली असते, पण तिचा जोर कमी पडतो. वर लेप्टो स्वतःच लिव्हर आणि किडनीवर घाव घालणारा आजार. एका बाजूनं जंतू, दुसऱ्या बाजूनं दारू. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, आणि माणूस रोज घेणारा असेल तर डॉक्टरांना ती सवय सांगितल्याशिवाय केबिनमधून बाहेर यायचं नाही. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. रात्री झिंगून, कोरडीच गिळून चटईवर पडणाऱ्याला नेमकं हेच होतं.

टीबीच्या औषधांवर दारू बंद. यात दिवस मोजणं नाही, पूर्ण सहा महिने बंद. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड ही तिन्ही लिव्हरवर भार टाकतात. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. पण डोळे पिवळे दिसले, भूक मेली, उलट्या लागल्या, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. आपल्या किनाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणांना सांगितली जाते: आयसोनियाझिड घेणाऱ्यानं कुपा (ट्यूना) आणि नीट बर्फात न ठेवलेला बांगडा टाळावा. या मासळीत हिस्टामिन तयार होतं आणि या औषधामुळे ते अंगातून लवकर निघत नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. मग घरचे म्हणतात, हा चोरून प्यायला. बिचाऱ्यानं नुसतं जेवलेलं असतं.

इस्पितळातून घरी सोडलेल्यांनी डिस्चार्ज कार्डवर सेफोपेराझोन हे इंजेक्शन आहे का बघावं. दारूबरोबर त्याचाही निडॅझोलसारखाच त्रास होतो, आणि इंजेक्शन बंद झाल्यानंतरचे काही दिवसही त्यात धरायचे. किती, ते डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्या. लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक चालू असेल तर नळाची बिअर आणि रेड वाइन टाळायची, बीपी एकदम चढू शकतं. पावसाळ्यात जांघेत नायटा झाला की ग्रिसिओफुल्विन मिळतं. ते जंतूंवरचं नाही, बुरशीवरचं औषध आहे, पण दारूबरोबर त्याचंही जमत नाही आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं.

चिठ्ठीवरच्या बाकीच्या गोळ्या आणि लपलेली दारू

लोक फक्त ‘अँटिबायोटिक’ला घाबरतात. खरं तर त्याच चिठ्ठीवर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं, तापाला पॅरासिटामॉल असतं, सर्दीला सेटिरिझिन असतं. डायक्लोफिनॅकवर दारू घेतली की पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला पॅरासिटामॉल नेहमीपेक्षा जास्त झेपत नाही, म्हणून ‘ताप उतरत नाही, आणखी दोन घेतो’ असं करायचं नाही. सर्दीची गोळी आणि दारू म्हणजे दुप्पट गुंगी. त्या अवस्थेत स्कूटर नको, होडी नको, माडावर चढणं तर मुळीच नको.

आता लपलेली. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमार्यासव या आयुर्वेदिक औषधांमध्ये आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण पाच ते दहा टक्के. बाटलीवर ते छापलेलं असतं. मात्रा लहान असते, म्हणून एरवी घाबरायचं कारण नाही. पण बाळंतिणीला दशमूलारिष्ट चालू आहे आणि टाक्यांसाठी मेट्रोनिडॅझोलही आलं आहे, असं मी अनेकदा बघते. त्या आठ-दहा दिवसांपुरतं अरिष्ट थांबवायचं का, हे वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारा. काही खोकल्याच्या औषधांत आणि चूळ भरायच्या औषधांतही अल्कोहोल असतं. सोलकढी मात्र खुशाल प्या. मला तेही विचारतात.

जो रोज घेतो त्याच्यासाठी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला ‘सात दिवस बंद’ असं एका दमात सांगितलं आणि त्यानं ते खरंच केलं, तरी संकट येऊ शकतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस नसलेली माणसं बघायला लागतो, वेळकाळ विसरतो. घरच्यांना वाटतं औषध उलटलं, आणि ते अँटिबायोटिक बंद करतात. सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो, किंवा एक दिवस चुकला की हात कापतात, असा माणूस घरात असेल तर कोर्स सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा. हे थांबणं सोपं करणारी औषधं असतात, आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. अशा माणसानं स्वतःच्या मनानं एका रात्रीत दारू तोडायची नाही.

आणि अशांनी समुद्रातल्या जखमेला हलकं घेऊ नये. लिव्हर खराब झालेल्या माणसाला काटा लागला, कालवं काढताना पाय कापला, आणि त्यातून खाऱ्या पाण्यातले काही जंतू शिरले, तर एका दिवसात पाय काळानिळा पडून जीव धोक्यात येतो. सूज वर सरकताना दिसली किंवा फोड आले, तर रात्र काढायची नाही.

डॉक्टरांपुढे लोक खोटं का बोलतात, हे मला कळतं. बाजूला बायको असते, गावातलाच कंपाउंडर असतो. मग असं करा. बायकोला बाहेर बसवा, नाहीतर चिठ्ठीच्या मागे लिहा: रोज किती, काय, शेवटची कधी. तीन गोष्टी. कागद पुढे सरकवा. डॉक्टर वाचतील. आणि बायकांनो, तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही सांगा, चहाडी समजू नका. खरी माहिती मिळाली की बहुतेक वेळा निडॅझोलऐवजी दुसरं काही देता येतं.

चुकून झालंच तर

निडॅझोल चालू आहे आणि दारू पोटात गेली, त्रास सुरू झाला. पिणं तिथेच थांबवायचं. माणसाला कुशीवर झोपवायचं, उताणं नाही, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. शुद्धीवर असेल तर चमच्या-चमच्यानं पाणी किंवा ओआरएस. मिठाचं पाणी पाजून आणखी उलट्या काढायच्या नाहीत. अॅसिडिटीची, डोकेदुखीची, आणखी कसलीही गोळी द्यायची नाही. एकटं सोडायचं नाही. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, चक्कर येऊन पडतोय, उलटीत रक्त आहे, किंवा हाक मारल्यावर नीट ओ देत नाही, तर १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर रिक्षा काढा. गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या आणि तिथे सरळ सांगा, ही गोळी आणि इतकी दारू. पुढची गोळी कधी घ्यायची तेही तिथेच विचारा.

आणि पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गर्दी असली तरी थांबा. हळू आवाजात विचारायचं असेल तर हळू विचारा, किंवा पाकीट पुढे करून नुसती बाटलीची खूण करा. आम्हाला कळतं.